कुंडीत कच्चं खत घालू नका

गणपती गेले की लोकांना घाई सुटते. दसऱ्याला कुंड्या भरायच्या, दिवाळीत मेथी खुडायची. आणि डब्यात साठवलेल्या ओल्या कचऱ्याचं खत? "दोन महिने झाले की, तयारच असेल." नसतं हो! पावसाळ्यात डबा गच्च ओला राहतो, हवा खेळत नाही, आत नुसतं सडत असतं.

मीही हे केलंय. आठ कुंड्यांत अर्धवट कुजलेलं खत कालवून मेथी पेरली, टोमॅटोची रोपं लावली. तिसऱ्या दिवशी बोट खुपसलं तर माती आतून चक्क कोमट. दुपारी रोपं माना टाकायची, म्हणून मी पाणी वाढवलं (दुसरा शहाणपणा). शेवटी एक उपटलं. मुळांची टोकं तपकिरी, आणि त्यांना चिकटून केळ्याची साल, देठासकट. मेथी उगवली ती पिवळी. न कुजलेला पाला कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतूनच उचलतात, रोपं उपाशी.

आता मूठभर ओलसर खत पिशवीत बांधून तीन दिवस ठेवते. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा नाकात झोंबणारा आला तर मुकाट्याने परत डब्यात, सुकी पानं घालून. शंका उरलीच तर त्यात दहा मेथीदाणे पेरते. आठ-नऊ हिरवेगार आले की मगच कुंड्या भरायच्या. हे सांगितलं की लोक विचारतात, "कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) टाकलं तर लवकर होईल ना?" होईल थोडं लवकर. पण पुढच्या रविवारी नाही.

नुसत्या खताने कुंडी भरू नका, महिन्याभरात चार बोटं खाली बसते. मी दोन घमेली मातीला एक घमेलं खत घेते. गाजर-मुळ्याला ताजं शेणखत नको, फाटे फुटतात. ऑक्टोबरच्या उन्हात माती उघडी ठेवू नका, वर पाचोळा पसरा.

विकतचं शेणखत आणलंत तर आधी पोत्यावर उन्हात पसरा. एकदा आळस केला आणि वांग्याची तीन रोपं गेली. मुळाशी पांढऱ्या, वळलेल्या हुमणीच्या अळ्या. आता खत पसरते आणि बाजूला होते. साळुंक्या वेचून नेतात.

आणि चाळायला विसरू नका. मागच्या वर्षी कंटाळा केला, तर पालकाच्या वाफ्यात लाल भोपळा उगवला. राहू दिला. पालक काही मिळाला नाही.