स्ट्रिंग, लांबी आणि देवनागरी: या चुका टाळा

‘नमस्ते’ या स्ट्रिंगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या मजकुराची, लांबी किती? प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात, गो आणि रस्ट १८, तर स्विफ्ट ३ किंवा ४. खोटं कुणीच बोलत नाही. गो आणि रस्ट यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत) चे बाइट मोजतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. पायथन कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या लिपींच्या जागतिक यादीतली एकेक चिन्हं मोजतो: न, म, स, हलंत, त, मात्रा. जावा-जावास्क्रिप्टचं ६ हे योगायोगानं जुळलेलं, कारण तिथे १६ बिटांचे तुकडे मोजले जातात. शेवटी एक हसरा इमोजी टाका, पायथन ७ म्हणेल आणि जावा ८. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजतं. युनिकोड १५.१पूर्वीच्या नियमांत जोडाक्षर हलंतापाशी तुटायचं (न-म-स्-ते), २०२३पासून न-म-स्ते.

नुसतं ‘लांबी’ नावाचं फंक्शन देणं हीच भाषांची मूळ चूक. रस्टमध्येही ते आहे, पण रस्ट स्ट्रिंगला थेट क्रमांक लावू देत नाही आणि काप चिन्हाच्या मधोमध पडला तर प्रोग्रॅम तिथेच थांबवतं. जाच वाटतो, पण रास्त आहे.

बाइट मोजून कापणे

‘छत्रपती संभाजीनगर’ म्हणजे १७ कोड पॉइंट, ४९ बाइट. ३० बाइटांवर कापलं तर ‘छत्रपती सं’ उरतं आणि मागे ‘भ’चे दोन अनाथ बाइट, पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. कोड पॉइंटवर कापूनही सुटका नाही: पहिले ३ घेतले की ‘छत्’, पाय मोडलेला. अक्षराच्या सीमेवरच कापा. त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’ या अंगभूत भागातला सेगमेंटर आहे, पायथनमध्ये वेगळं ‘रेजेक्स’ पॅकेज घेऊन त्यात ‘\एक्स’ (मोठा एक्स, म्हणजे एक पूर्ण अक्षर) वापरा. पॅकेज जुनं असेल तर जोडाक्षर तरीही तुटेल, म्हणून ‘नमस्ते’ देऊन आधी तपासा.

अर्धा ऱ हरवणे

मराठीत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवलेलं सापडतं: ऱ + हलंत + य, किंवा र + हलंत + झेडडब्ल्यूजे + य. झेडडब्ल्यूजे म्हणजे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, म्हणून शोध का फसतो ते कळत नाही. ऱ कधी र + नुक्ता (खालचा टिंब) असाही येतो. एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची पद्धत) तो एकत्र करतं, पण जोडकवाल्या रूपाला हातही लावत नाही. त्यात कुणी ‘अदृश्य कचरा’ म्हणून जोडक पुसला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात!

क्रम असा ठेवा: आधी एनएफसी, मग ‘र + हलंत + जोडक’च्या जागी ‘ऱ + हलंत’, आणि त्यानंतरच उरलेले जोडक काढा. तेही फक्त शोधाच्या प्रतीत. मूळ मजकूर जसाच्या तसा राहू द्या.

‘\डब्ल्यू’वर विसंबणे

‘\डब्ल्यू’ ही मजकुरात शब्दातली अक्षरं शोधण्याची खूण. पायथनच्या अंगभूत ‘रे’ मॉड्यूलमध्ये ‘\डब्ल्यू+’ला (अशी सलग अक्षरं) ‘नमस्ते’ दिलं तर ‘नमस’ आणि ‘त’ हातात येतात, कारण हलंत आणि मात्रा अक्षरांच्या वर्गात धरल्याच जात नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये तर तो फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा ओळखतो. तिथे ‘यू’ फ्लॅग लावून एल (अक्षरं) आणि एम (मात्रा, हलंतासारखी जोडचिन्हं) हे दोन्ही युनिकोड वर्ग मागा.

मायएसक्यूएलचं ‘यूटीएफ८’

मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं हे नाव फसवं आहे: त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. मराठी बरोबर मावते, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत. पहिला ४ बाइटांचा इमोजी आला की नोंद अडते. टेबल आणि जोडणी, दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ लावा. नुसतं टेबल बदललं तर इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात.