काशीबाई कानिटकर यांच्यावर चरित्रलेख लिहिताना

मराठी लेखिका काशीबाई कानिटकर (1861–1948) यांच्यावर लिहायला बसले की आष्ट्यातील जन्म, नवव्या वर्षी लग्न आणि पती गोविंदराव यांच्या आग्रहाने घरीच झालेले शिक्षण या क्रमाने सुरुवात करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या वाटेने गेल्यास लेख काशीबाईंचा न राहता गोविंदरावांचा होऊन बसतो.

सुरुवात 1889 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रापासून करावी. आनंदीबाई 1865 च्या, म्हणजे काशीबाईंहून चारच वर्षांनी लहान. शाळेची पायरी न चढलेली अठ्ठावीस वर्षांची स्त्री फिलाडेल्फियाला जाऊन एम. डी. झालेल्या आपल्या समकालीन स्त्रीचे चरित्र लिहिते, यातच लेखाचा गाभा आहे. चरित्रातील एकेक पत्र घेऊन तारीख, ठिकाण आणि ते कोणाला लिहिले हे कागदाच्या डाव्या बाजूस नोंदवावे, उजवीकडे त्यावर काशीबाईंनी काय भाष्य केले आहे ते लिहावे. एप्रिल 1883 मधील कलकत्त्याहून प्रयाण, 11 मार्च 1886 ची पदवी आणि 26 फेब्रुवारी 1887 चा मृत्यू या तारखांवर पत्रे लावून पाहिली, की चरित्रकार कुठे रेंगाळते आणि कुठे भरभर पुढे जाते ते आपोआप दिसते. अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र 1888 चे आहे. तेही शेजारी ठेवावे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (1968) मात्र या टप्प्यावर बाजूला ठेवलेली बरी, कारण त्या कादंबरीतले प्रसंग आपल्या मनात इतके रुजले आहेत की ते चरित्रातच वाचले असे वाटू लागते.

त्यानंतर सरोजिनी वैद्य यांनी संपादित केलेले काशीबाईंचे आत्मचरित्र वाचावे. गोविंदरावांचा वाटा किती आणि घरातल्या विरोधाचा किती, हे तेथे काशीबाईंच्याच शब्दांत तपासता येते.

कादंबऱ्या शेवटी घ्याव्यात. ‘रंगराव’ 1903 मध्ये पुस्तकरूपाने आली, ‘पालखीचा गोंडा’ 1928 मध्ये. पण त्या काळी कादंबऱ्या आधी मासिकांतून क्रमशः छापल्या जात, म्हणून पुस्तकाचे साल हेच लेखनाचे साल धरू नये. माझ्या मते ‘पालखीचा गोंडा’ला अधिक जागा द्यावी, कारण स्त्रियांच्या हाती कारभार असलेले संस्थान तिच्यात काशीबाईंनी कल्पिले आहे, आणि पदवीधर आनंदीबाईंच्या आयुष्याला जे करायला वेळच मिळाला नाही, ते करून दाखवण्याची मोकळीक काशीबाईंना कादंबरीतच होती.