ताकदीची गोळी दुकानाच्या ब्रँडची घेताय? या चुका टाळा

मेडिकलच्या साखळी दुकानात बीपीची गोळी घ्यायला गेलं, की बिल करता करता काउंटरवरचा मुलगा विचारतो, "आमच्याच ब्रँडची मल्टिव्हिटॅमिन आहे, ऑफर चालू आहे, देऊ का?" दादरला विचारतात, मुलुंडला विचारतात, ॲपवरून औषधं मागवली तर पैसे भरायच्या आधी तीच बाटली पुढे येते. आमच्या घरी अशा दोन बाटल्या आल्या. त्यानंतर वर्षभरात आईबाबांच्या तब्येतीत जे झालं, त्यात गोळ्या बनवणाऱ्याचा काही दोष नव्हता. चुका आमच्या होत्या. त्या तुमच्या घरी होऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

स्वस्त आहे म्हणजे हलकी असणार, असं धरून चालणं

या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त अडतात, पण खरं तर तो सगळ्यात सोपा आहे. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. विकणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं आणि बनवणाऱ्याचं वेगळं दिसेल. बनवणारा पुष्कळदा हिमाचलातल्या बद्दीचा, हरिद्वारचा नाहीतर सिक्कीमचा असतो. तिथले कारखाने अनेक कंपन्यांसाठी गोळ्या बनवून देतात. नामांकित ब्रँडच्या आणि दुकानाच्या ब्रँडच्या मागे एकाच कारखान्याचा पत्ता निघू शकतो. जाहिरातीचा खर्च नसला की किंमत उतरते, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

पाहायचं ते परवान्याकडे. काही मल्टिव्हिटॅमिन औषध म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. बाकीच्या अन्न म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना असते. दुकानांच्या ब्रँडच्या बहुतेक बाटल्या या दुसऱ्या प्रकारातल्या. तो प्रकार वाईट नाही, पण कमतरतेवरचा उपचार म्हणून तो विकलाच जात नाही, हे लक्षात ठेवायला हवं. यातला कुठलाच क्रमांक नसेल, किंवा बॅच आणि एक्सपायरी पुसट असेल, तर कितीही सवलत असली तरी ती बाटली ठेवून द्या.

किंमतही बाटलीची बघू नका, दिवसाची बघा. समजा ६० गोळ्या ३०० रुपयांना आहेत आणि मागे 'रोज २ गोळ्या' असं लिहिलंय. मग दिवसाला १० रुपये पडले आणि बाटली महिन्यातच संपली. शेजारची १५ गोळ्यांची ९० रुपयांची स्ट्रिप रोज एक घ्यायची असेल, तर ती दिवसाला ६ रुपयांना, म्हणजे स्वस्त पडते. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथलीही किंमत विचारून घ्या.

आधी गोळी, मग जमलं तर तपासणी

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

बाबा माळकरी. मासे, अंडी वर्ज्य. दूध चहापुरतं. शिवाय ११ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, आणि बी१२ मुळात मासे, अंडी, मांस, दूध यांतूनच मिळतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी वाट बंद. पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा आम्ही म्हटलं, शुगरमुळे असेल. थकवा वयामुळे असेल. आणि ताकदीची गोळी चालूच आहे की! या शेवटच्या वाक्याने आमचे आठ महिने खाल्ले. तपासणी केली तेव्हा बी१२ १२८ निघालं, खालच्या मर्यादेच्याही बरंच खाली. त्या गोळीत बी१२ होतं १ मायक्रोग्रॅम.

हा आकडा समजून घ्या. निरोगी माणसाची रोजची गरज २ मायक्रोग्रॅमच्या किंचित वर असते. आतड्यातली नेहमीची यंत्रणा एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषते, त्याहून जास्त घेतलं तर वरच्यातलं साधारण एक टक्काच आत झिरपतं. म्हणून खरी कमतरता असेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात किंवा १००० मायक्रोग्रॅमच्या आसपासची गोळी लिहून देतात. रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने तो खड्डा भरत नाही. त्यातून तिच्यातलं फॉलिक ॲसिड कधीकधी बी१२ कमी असल्याचा रक्तात दिसणारा फरक झाकून टाकतं आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. बाबांच्या मुंग्या इंजेक्शनं सुरू झाल्यावर कमी झाल्या, डाव्या पायाच्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

ड जीवनसत्त्वाचंही असंच. आपण सकाळी लोकलमध्ये, दिवसभर काचेच्या आत. काचेतून ऊन येतं, पण ड तयार करणारे किरण येत नाहीत, त्यामुळे मुंबईत ड कमी निघणं नवलाचं नाही. पण बाटलीतलं ४०० युनिट आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा लिहून देतात ते ६०,००० युनिट यांची तुलनाच होत नाही. उलटी चूकही बघितली आहे. ती आठवड्याची गोळी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली जाते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि माणूस दवाखान्यात पोचतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्या.

सगळ्या गोळ्या एका घोटात

आईची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी. नवी बाटली आली, तेव्हा "विसरायला नको" म्हणून तिने दोन्ही एकत्र घ्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी थायरॉईडच्या रक्ततपासणीतलं टीएसएच ३ वरून ९ वर, म्हणजे औषध कमी पडत होतं. डॉक्टर डोस वाढवणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "ताई, सोबत आणखी काय घेता?" मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं. दोन्हींत निदान ४ तासांचं अंतर हवं. डोस तोच ठेवून फक्त वेळ बदलली, सहा आठवड्यांनी टीएसएच जागेवर आलं.

काही अँटिबायोटिक्सच्या बाबतीतही असंच होतं, म्हणून कोर्स चालू असेल तर विचारून घ्या. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी चालू असेल, तर मल्टिव्हिटॅमिनमधल्या के जीवनसत्त्वाने तिचं गणित बिघडतं. अशा वेळी मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांना सांगितल्याशिवाय सुरूही करू नका आणि बंदही. आणि चहा! लोह असलेली गोळी चहाबरोबर घेतली तर लोह बरंचसं वाया जातं. जेवणानंतर पाण्याबरोबर घ्या.

जास्त घटक असलेली चांगली, असं मानणं

बाटलीवर '४० पेक्षा जास्त घटक' लिहिलेलं असलं की मन भुलतं. एका गोळीत मावतं तेवढंच मावतं. कॅल्शियमची रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे, ते सगळं एका मल्टिव्हिटॅमिनमध्ये बसणारच नाही. चिमूटभर घातलेल्या जडीबुटीचे पैसे मात्र आपण भरतो.

काही घटक जास्त झाले तर घातक ठरतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्याच्या) गोळ्या टाळाव्यात. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत सिगारेट ओढून या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला होता. गरोदरपणात रेटिनॉल स्वरूपातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला धोका असतो, म्हणून त्या काळात डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी घ्यावी, दुकानातली नव्हे. लोहाची शिफारस पुरुषांना रोज १९ आणि बायकांना २९ मिलिग्रॅम आहे, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच बाटली वापरणंही बरोबर नाही. आणि लहान मुलं असतील तर लोहाच्या गोळ्या आणि गोड गमी त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. लोहाची विषबाधा मुलांच्या जिवावर बेतते.

घेतल्यावर काही वेगळं वाटलं तर

लघवी गडद पिवळी होते ती बी२ मुळे, काळजी नको. शौच काळसर होतं ते लोहामुळे. पण गोळीत लोह नसताना काळं, डांबरासारखं होत असेल तर डॉक्टरांकडे जा. मळमळत असेल तर उपाशीपोटी घेणं बंद करा. केस-नखांच्या गोळीत बायोटिन भरपूर असतं आणि त्याने थायरॉईडच्या व इतर काही रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी लॅबला विचारून ती थांबवा.

जुलैमध्ये बाटलीतल्या गोळ्या चिकटल्या, डाग पडले, वास बदलला, तर त्या दमट हवेने खराब झाल्यात, टाकून द्या. मुंबईत पावसाळ्यात मोठी बाटली घेऊच नये, स्ट्रिप बरी. गॅसच्या वरचं फडताळ आणि बाथरूमचं कपाट या दोन जागा सगळ्यात वाईट.

मग घ्यावी की नाही?

दोन वेळ नीट जेवणाऱ्या, धडधाकट माणसाला गरज नाही, असं माझं स्पष्ट मत. अमेरिकेत ३,९०,१२४ निरोगी लोकांच्या वीस वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगले असं दिसलं नाही. साठीपुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीला थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, तेवढं खरं. ज्यांचं खाणं खरंच तुटपुंजं आहे, दात नसल्याने ज्यांना चावता येत नाही, आजारातून उठल्यावर ज्यांना अन्न जात नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी. अशा वेळी परवाना आणि घटक बरोबर असतील तर दुकानाच्या ब्रँडची घ्यायला काहीच हरकत नाही.

आमच्याकडे बाबांना आता बी१२ ची वेगळी गोळी आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी. आईने मल्टिव्हिटॅमिन बंद केली. त्या पैशांत आठवड्यातून दोनदा बांगडे आणि एकदा तिसऱ्या येतात, बाबांसाठी वेगळ्या भांड्यात दही लागतं आणि नाचणीची भाकरी दोघांनाही चालते.