भाष्य घेण्याआधी मार्क १६ उघडा

बायबलवरचं नवं भाष्य निवडताना प्रस्तावनेत वेळ घालवू नका. थेट मार्ककृत शुभवर्तमानाचा १६वा अध्याय काढा. त्यातली ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत; मग ती मूळची की नंतर जोडलेली, हा प्रश्न उरतो. भाष्यकाराचं मत काहीही असो, त्यानं हा प्रश्नच टाळला असेल तर पुस्तक परत ठेवा. जुना भाष्यकार मॅथ्यू हेन्री मननासाठी आजही उत्तम, शिवाय इंटरनेटवर फुकट. पण तो वारला १७१४मध्ये आणि बायबलच्या प्राचीन प्रती असलेल्या मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या सापडू लागल्या १९४७ साली! इतिहासासाठी सोबत अलीकडचं भाष्य हवंच. पूर्ण संच मात्र घेऊ नका. बहुतेक मालिकांत दर खंडाचा लेखक वेगळा असतो. रोमकरांस पत्रावरचा खंड अप्रतिम, तर यहेज्केलवरचा नुसता उरकलेला, असंही होतं.