हिवाळ्यात धावताय? वेगाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

थंडी लागली की धावणाऱ्यांकडून आधी एक वाक्य ऐकू येतं : "विशेष काही केलं नाही, तरी वेग वाढलाय!" पुढे कडाका पडतो, वारा सुटतो, रस्ते ओले होतात आणि तीच माणसं हिरमुसून म्हणतात, "एवढी मेहनत करतोय, पण किलोमीटरमागे अर्धा मिनिट जास्तच लागतंय." दोन्ही वेळा शरीर जवळपास तेच असतं, हवा मात्र बदललेली असते. हे लक्षात न आल्यामुळे होणारं नुकसान मी बरंच पाहिलंय आणि थोडं भोगलंयही.

हवेनं दिलेला वेग आपला समजणं

उन्हाळ्यात धावताना अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळवतं. म्हणजे हृदयाला स्नायू आणि त्वचा अशी दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी सांभाळावी लागतात. गारवा आला की त्वचेची मागणी कमी होते. तोच वेग कमी ठोक्यांत जमतो किंवा तेवढ्याच ठोक्यांत वेग वाढतो. लांब पल्ल्याच्या धावण्याला १० अंश सेल्सिअसच्या आसपासची कोरडी, शांत हवा सगळ्यांत मानवते. केनियाचा धावपटू एलिउड किपचोगेनं २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं, तेव्हा १२ ते २० ऑक्टोबर अशी मुदत राखून ठेवली होती, हवा पाहून दिवस पक्का करता यावा म्हणून. तेव्हाचा जगातला सर्वोत्तम मॅरेथॉन धावपटूही हवेला एवढा मान देत होता.

चूक पुढे होते. या वाढीव वेगावर आपण सगळी आखणी करतो. सोप्या दिवसाचा वेग वाढवतो, मध्ये विश्रांती घेत जोरात धावायच्या टप्प्यांचाही वाढवतो. दम टिकतो, कारण हवा साथ देत असते, पण पोटऱ्या आणि घोट्यामागचा स्नायुबंध उन्हाळ्यातलेच असतात. एका हिवाळ्यात माझी पोटरी अशीच धरली आणि तीन आठवडे चालणंसुद्धा जपून करावं लागलं. तेव्हापासून गारव्यातला नवा वेग दिसला की महिनाभर तरी सरावाचे आकडे बदलत नाही.

कडाक्याच्या दिवसाला गारव्याच्या दिवसाचं माप लावणं

गारवा आणि कडाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोस्टन मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते, पण २०१८ साली त्या दिवशी भर हिवाळ्यासारखी थंडी होती, वर मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. आदल्या वर्षी जेफ्री किरुईनं हीच शर्यत २:०९:३७ मध्ये जिंकली होती. २०१८ मध्ये त्याला त्याच रस्त्यावर २:१८:२३ लागले आणि तरीही तो दुसरा आला! युकी कावाउचीनं २:१५:५८ मध्ये बाजी मारली. असा दिवस साधायचा तर वेळेचा नाद सोडून टिकून राहण्यावर भर द्यावा लागतो.

म्हणून अशा दिवशी किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. "आज १० किलोमीटर"ऐवजी "आज ५० मिनिटं, बोलता येईल इतक्या दमानं". जमीन निसरडी असेल तर पावलं आखूड टाका. बर्फ गोठलेला असेल तर घरात ट्रेडमिलवर किंवा जिन्यावर सराव करा. घसरून मोडलेलं मनगट कुठल्याही बुडालेल्या सरावापेक्षा महाग पडतं.

पहिल्या किलोमीटरवरून दिवसाची पारख करणं

थंड स्नायू कमी ताकद लावतात आणि आखडलेले असतात. त्यामुळे सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं जड जाणारच. निघण्यापूर्वी घरातच गुडघे उचलणं, जागच्या जागी हलकं पळणं असं पाच-सात मिनिटं करा. वेगाचा सराव असेल तर त्याआधी एरवीपेक्षा जास्त वेळ सावकाश धावा.

मनगटावरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास

थंडीत मनगटाजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. घड्याळाचा प्रकाश-सेन्सर तिथलं रक्त पाहूनच ठोके मोजतो, त्यामुळे आकडे भरकटतात. घड्याळ बाहीखाली घट्ट बांधा. छातीवरचा पट्टा जास्त भरवशाचा, पण घाम येईपर्यंत तोही चुकतो, म्हणून लावण्याआधी त्याचे संपर्कबिंदू पाण्यानं ओले करा. थंडीत बॅटरीही लवकर उतरते.

घरातून निघताना ऊब वाटेल इतके कपडे

बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त तापमान आहे असं धरून कपडे घाला. पहिली पाच मिनिटं हुडहुडी भरली तर बेत बरोबर आहे. सुती कपडा अंगालगत नको, तो घाम धरून ठेवतो. हात आणि कान मात्र झाका.

वाऱ्याचा हिशेब फार जण करत नाहीत. ताशी १० किलोमीटरनं धावताना समोरून १५ चा वारा आला, तर अंगाला २५ चा लागतो. म्हणून जाताना वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर. उलट केलंत तर घामानं भिजलेलं अंग परतीच्या वाटेवर गारठतं.

तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. प्रत्येक उच्छ्वासातून ओलावा जातच असतो. थंड कोरड्या हवेनं खोकला येत असेल तर नाका-तोंडावर पातळ कापड बांधा. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खंड पडला म्हणून सगळं संपलं समजणं

सर्दी-तापात दोन आठवडे गेले तर परतल्यावर ठोके चढे दिसतात. खंड पडला की सर्वांत आधी रक्तातला द्रव घटतो, त्याचा हा परिणाम. तो लवकर भरूनही निघतो. पहिला आठवडा नेहमीच्या निम्मं धावा आणि एकही वेगाचा सराव घेऊ नका. वहीत वेळेशेजारी तापमान, वारा आणि जमीन कशी होती हेही लिहा. तशीच हवा पुन्हा आली, की त्या दोन नोंदी शेजारी ठेवून बघा.