दुरुस्ती शिकण्यासाठी जुनी जीप घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे रंग आणि टायर बघून गाडी ठरवणं. नवा रंग, जाड टायर, पुढे विंच (गाडी ओढून काढायची दोराची चरखी) असलं की माणूस खाली वाकून बघतच नाही. गाडी जुनी महिंद्रा असो की जिप्सी, बघायची ती चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. काळ्या मातीचा चिखल चासीच्या पट्टीत आणि स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ वर्षानुवर्षं अडकून राहतो, त्याखाली लोखंड सडतं. जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिथे टोचा. टोक आत गेलं, किंवा वेल्डिंगवर वेल्डिंग दिसलं, तर गाडी सोडून द्या. इंजिन दुरुस्त होतं. वाकलेली किंवा सडलेली चासी नवशिक्याच्या हातून सरळ होत नाही.

'फोर बाय फोर आहे', म्हणजे चारही चाकं ओढतात, यावर विश्वास ठेवू नका. प्रवासी वाहतुकीत राबलेल्या पुष्कळ जीपना फक्त मागची चाकंच ओढतात. गाडीखाली बघा, पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट (ताकद पोचवणारा फिरता दांडा) जागेवर आहे का. असेल तर शेतातल्या मोकळ्या मातीवर फोर बाय फोरचा लिव्हर टाकून बघा. कोरड्या डांबरावर ही चाचणी करू नका. या गाड्यांना मध्ये डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतो, त्यामुळे वळणावर शाफ्टला पीळ बसतो आणि लिव्हर निघत नाही. असं झालंच तर लिव्हरशी झटू नका. गाडी सरळ मागे काही फूट घ्या, पीळ सुटतो.

गाडी एप्रिल-मेमध्ये बघा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा अर्धवट तुंबलेला रेडिएटर लपत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करायला सांगा (आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा) आणि दुपारी निदान २० मिनिटं चालू ठेवून काटा बघा. इंजिन सुरू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढा. हलकी वाफ चालते. पण ठोक्याठोक्याला धूर उडून तेलाचे थेंब बाहेर येत असतील तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर गेले आहेत. पांढरा धूर थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशय घ्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा, मगच डिझेलच्या पंप-नोझलकडे वळा.

कागद. एमएच १८, १९ किंवा ३९, पासिंग कुठलंही असो, चासी नंबर तारेच्या ब्रशने घासून स्वतः वाचा, इंजिन नंबरही आरसीशी ताडा. इंजिन बदलून त्याची नोंद न केलेल्या जीप खूप फिरतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे ५-५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. ती वाढवलेली नसेल तर किंमत त्या हिशोबाने बोला.

गाडी दारात आली की इंजिन खोलायचा मोह होतो. तो आवरा, पहिलं काम ब्रेकचं. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन्ही बाजूंना घोडी (लोखंडी स्टँड) लावा. पेडल एकदा खाली जाऊन पंप केल्यावर वर येत असेल तर आधी ब्रेक लायनरचं अंतर अ‍ॅडजस्ट करा. स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेकच्या लाइनमध्ये हवा आहे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, या क्रमाने काढा. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य पंप) सर्वांत लांबचं चाक आधी, एवढं लक्षात ठेवा. ब्रेकमध्ये डॉट ३ चं फ्लुइडच घाला. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तरी रबरी वॉशर फुगतात आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

डिझेल फिल्टर बदलल्यावर सेल्फ (स्टार्टर) फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरी संपेपर्यंत चावी मारू नका. लाइनने हवा धरलेली असते. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) सैल करा, हँड प्रायमर (डिझेल चढवायचा हातपंप) दाबत राहा, फेस थांबून निव्वळ डिझेल आलं की दाब न सोडता स्क्रू आवळा. तरीही सुरू झालं नाही तर नोझलला येणाऱ्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल झिरपू लागलं की एकेक करून घट्ट करा. हात आणि तोंड फवाऱ्यापासून लांब ठेवा. नोझलच्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं.