व्हायरल सर्दी रोखायला नाकाचा स्प्रे: कोणता घ्यायचा, कसा मारायचा

डिसेंबरात नागपुरात थंडी वाढली की लग्नं, अधिवेशनाची गर्दी, मेट्रोत रेटारेटी, अन् घरोघरी खोकला सुरू. घरी आजी-आजोबा असतील तर हे नीट वाचा.

पहिले बाटलीवरचं औषधाचं नाव बघा. मेडिकलमध्ये नुसतं "नाकाचा स्प्रे द्या" म्हटलं तर झायलोमेटाझोलिनवाला हातात येऊ शकतो, त्यानं चोंदलेलं नाक मोकळं होतं पण व्हायरस काही अडत नाही, अन् आठवडाभराच्या वर मारत राहिले तर नाक उलट जास्तच चोंदतं. आपल्याला पाहिजे साधा सलाइन, म्हणजे मिठाच्या पाण्याचा स्प्रे, तो सगळ्यात स्वस्त.

साधा म्हणून हलक्यात घेऊ नका ना. ब्रिटनमध्ये १३ हजारांवर लोकांवर झालेला अभ्यास २०२४ ला आला, त्यात घशात खवखव सुरू होताच किंवा आजारी माणसाजवळ जाऊन आल्यावर सलाइन नाहीतर जेलवाला स्प्रे दिवसातून ६ वेळांपर्यंत मारायला सांगितलं होतं, तर आजारपणाचे दिवस साधारण २० टक्क्यांनी कमी झाले अन् अँटिबायोटिकही कमी लागल्या. म्हणजे वेळ महत्त्वाची, ताप चढल्यावर बाटली शोधून उपयोग नाही.

दुसरा अ‍ॅझेलास्टिन, हे अ‍ॅलर्जीचं औषध. जर्मनीत ४५० निरोगी लोकांवर ५६ दिवस ट्रायल झाली, रोज ३ वेळा, त्यात स्प्रेवाल्यांपैकी २.२ टक्क्यांना कोरोना झाला अन् औषध नसलेला स्प्रे मारणाऱ्यांपैकी ६.७ टक्क्यांना. पण ट्रायल छोटी आहे अन् यानं झोपही येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करायचा नाही.

आता मारायचा कसा, इथंच बहुतेकांचं चुकते. आधी नाक शिंकरा, नवीन बाटली असेल तर फवारा नीट येईपर्यंत हवेत दाबा. मान मागे टाकायची नाही, थोडी खाली झुकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत अन् डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, नोझलचं तोंड त्याच बाजूच्या कानाकडे, मधल्या पडद्यावर मारला की आग होते, कधी रक्तही येतं. दाबताना हळूच श्वास घ्या, जोरात ओढला तर सगळं घशात जातं अन् नाकात काहीच राहत नाही.

मास्क अन् लस याच्या जागी स्प्रे चालत नाही, अन् दम लागत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा. नोझल दरवेळी पुसा, अन् एक बाटली एकाच माणसाची, चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहून ठेवा.